टाचणीमावशींची टिटवी

टाचणीमावशींच्या ओठांत टाचण्या दिसल्या नाहीत, तर त्यांना बरं नाही असं खुशाल समजावं. एरवी उजव्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरून त्या बोलतात, हसतात, प्रसंगी भांडतातसुद्धा. नव्या गिऱ्हाइकाला त्यांचं बोलणं कळत नाही, आणि जुन्यांना टाचण्या काढून बोलल्या तर कळत नाही. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि दोरीवर गावभराच्या विजारी. या आखूड करायच्या, त्या सैल करायच्या. नवं कापड आणून शिवून मागणारे आता थोडेच. पण लोकांची पोटं वाढायची थांबत नाहीत तोवर आपल्याला मरण नाही, हे मावशींचं ठाम मत.

नवरा मिळाला तोही याच टेबलावर. बस चालवणारा तरणाबांड ड्रायव्हर वर्दीचा उसवलेला खिसा घेऊन आला. मावशींनी शिवून दिला. पुढच्या आठवड्यात तोच खिसा उसवून पुन्हा हजर. पुन्हा शिवला. पुन्हा आला, तेव्हा मावशींनी दोऱ्याचं टोक उजेडात धरून पाहिलं. ब्लेडने कापलेलं होतं, सरळसोट.

"खिसा उसवत नाहीये," त्या टाचण्यांच्या आडून म्हणाल्या. "कुणीतरी उसवतंय."

"मग कायमचा इलाज सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

इलाज झाला. त्यालाही आता इतका काळ लोटला, की थोरला मुलगा दूरच्या शहरात संसार थाटून बसलाय आणि धाकटी लेक याच गल्लीत दिलीय.

तर हे ड्रायव्हर. आयुष्यभर खच्चून भरलेल्या बसगाड्या खड्ड्याखुड्ड्यांतून नेल्या, पण एक माणूस कधी पडू दिला नाही. "धरून उभे राहा! पुढे सरका!" ही त्यांची आरोळी सगळ्या गावाला पाठ. आणि स्वतः पडले ते कशावरून? घरातल्या पायपुसण्यावरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, पुढचे व्यायाम करवून घेणाऱ्या केंद्रात ते काठी धरून चालायलाही लागले. पण घरी सोडायची वेळ आली, तेव्हा तिथल्या फिजिओबाईंनी घराचा नकाशा मागितला आणि झोपायची खोली ते न्हाणीघर या लांबलचक, अरुंद बोळावर बोट ठेवलं.

"इथे भिंतीला धरायला दांडा हवा," बाई म्हणाल्या. "शनिवारी मी यांना घेऊनच येते. दांडा मी स्वतः तपासणार. माणसाचा भार पेलला, तर राहू देत घरी. नाही पेलला, तर थोरल्याकडे पाठवायचं. तिथे लिफ्ट आहे, सगळी सोय आहे."

थोरल्याकडे खरोखरच सगळी सोय होती. फक्त तिथे मावशी नसणार होत्या. दुकान सोडून त्या जाणार कुठे? संध्याकाळी ड्रायव्हरांचा फोन आला.

"अगं, तिथे सोफ्यावर पाय घेऊन बसू देत नाहीत."

"मग पाय खाली ठेवा."

"आणि तुझ्या मशीनचा आवाज नसतो. त्या खडखडीशिवाय दुपारची झोप कशी लागायची मला?"

मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी येताय तुम्ही. दांडा असेल."

दांडा आणणं सोपं होतं. गुळगुळीत, मुठीत मावेल असा लाकडी दांडा आणि तो पेलायला लोखंडी ब्रॅकेट जावईबापूंनी रंगाच्या दुकानातून आणून दिले; जावईबापू तिथेच काउंटरवर कामाला असतात. अवघड होती ती भिंत. बोळाची भिंत नावालाच भिंत. आत लाकडाचे उभे वासे, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ बोर्ड, मधे नुसती हवा. पलीकडे शेजारणीचं स्वयंपाकघर. मावशी इकडे शिंकल्या, की तिकडून "जप गं!" येतं. गावच्या सुताराने याच भिंतीवर कोटासाठी खुंट्या ठोकल्या होत्या. त्या तीनदा कोटासकट खाली आल्या. म्हणून लेक जेव्हा म्हणाली, "आई, सुतारालाच बोलाव ना," तेव्हा मावशी उसळल्याच.

"माझा नवरा म्हणजे काही कोट नव्हे!"

मग जावईबापूंनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढं, पिवळं, पाठीला सपाट असं काहीतरी काढलं.

"आई, दांड्याचे स्क्रू वाशातच जायला हवेत. नुसत्या बोर्डात गेले तर संपलं. आणि वासा कुठाय ते हे सांगतं."

"भिंतीच्या आतलं दिसतं याला?"

"दिसत नाही, जाणवतं. याच्या पोटात धातूची पट्टी आहे. ती भिंतीत अगदी सौम्य विजेचा पसारा टाकते. चटका-बिटका काही नाही. भिंत पोकळ असली की त्याला एक माप मिळतं. मागे लाकूड आलं की भिंत तिथे भरीव होते, माप वाढतं. माप वाढलं की दिवा लागतो आणि हे ओरडतं."

"कमरेचं माप घेताना पोट आलं की टेप ओरडतो, तसं."

"अगदी तसंच," जावईबापू म्हणाले, आणि नकळत त्यांनी श्वास आत घेतला.

मावशींनी बटण दाबून पाहिलं. टिटिव्! अस्सल माळावरच्या टिटवीसारखं. "अगं बाई," मावशी खुलल्या, "ही तर टिटवी!" तिथल्या तिथे बारसं झालं.

कुठलंही कापड मावशी काठापासून मोजतात. गेली कित्येक वर्षं तशीच मोजत आल्या. तेव्हा टिटवी त्यांनी दाराच्या चौकटीला अगदी खेटून भिंतीवर ठेवली, बटण दाबलं आणि अलगद सरकवत निघाल्या. बोळाच्या त्या टोकापर्यंत गेल्या. टिटवीने चकार शब्द काढला नाही. परत आल्या. मौनव्रत.

"बिघडलीय," लेक म्हणाली.

"थांब, बघू." मावशींनी टिटवी जावईबापूंच्या कपाळाला टेकवली आणि बटण दाबलं. मग ती सावकाश या कानापासून त्या कानापर्यंत फिरवली. शांतता.

"जावईबापू," मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "आत काही नाही हो."

लेक बोळातच खाली बसली, हसून हसून. भिंतीपलीकडून शेजारीणही हसली, आणि मग आपण ऐकत नव्हतो असं दाखवायला खोकली.

"तसं नाही, आई!" जावईबापू कपाळ चोळत म्हणाले. "बटण दाबताना ही जिथे असते ना, त्यालाच ती पोकळ धरून चालते. मग त्याहून भरीव काही आलं तरच बोलते. तुम्ही माझ्या डोक्यावरच बटण दाबलंत, म्हणून तिने..."

"तुमचं डोकं पोकळ धरलं."

"हो. म्हणजे नाही! म्हणजे, इथेही तेच झालंय बघा. दाराच्या चौकटीला आधार म्हणून लगेच मागे वासा असतोच. तुम्ही नेमकं वाशावर बटण दाबलंत. मग पुढचे सगळे वासे तिला त्याच्यासारखेच. बोलणार काय ती?"

मावशींना पटलं, पण लागलंही. "आता काठ सोडून सुरुवात करायची म्हणजे शिंप्याने उलटं चालायचं," त्या पुटपुटल्या. जावईबापूंना दुकानात परतायचं होतं. लेकही त्यांच्याबरोबर गेली. मावशी एकट्या उरल्या. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

या खेपेला त्यांनी बोळाच्या मधूनच कुठूनतरी सुरुवात केली. आणि काय सांगावं! टिटवी बोलायला लागली. टिटिव्! खडूची खूण. जरा पुढे, टिटिव्! खूण. आणखी थोडं पुढे, टिटिव् टिटिव्! भिंत नुसती वाशांनी ठासून भरलेली. "एवढं लाकूड!" मावशी भिंतीला म्हणाल्या. "आणि मेल्या खुंट्या तेवढ्या धरवत नव्हत्या तुला?" त्यांनी आपल्याला सोयीच्या वाटल्या तेवढ्या खुणा निवडल्या आणि ड्रिल लावलं. ड्रिल आत गेलं ते इतकं सुरेख, जुन्या फ्लॅनेलमध्ये सुई जावी तसं. मावशींच्या धंद्यात सुई अशी गेली की कापड गुणाचं समजतात. मावशी गुणगुणू लागल्या.

"माझ्या डब्यांत येऊ नकोस गं!" पलीकडून हाक आली.

"नाही येत! वाशातच थांबलेय मी!"

ब्रॅकेट बसले, दांडा बसला. लांबून पाहिला, जवळून पाहिला. दृष्ट लागावी असा. आता परीक्षा. मावशींनी दोन्ही हातांनी दांडा धरला, पाय उचलले आणि अंगाचा सगळा भार टाकला. नाव टाचणी असलं, तरी मावशी काही टाचणी नव्हेत.

क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीने एक सुस्कारा सोडला, आणि दांडा, ब्रॅकेट, बशीएवढा बोर्डाचा तुकडा आणि मावशी अशी सगळी वरात खाली ठेवलेल्या, शिवायला आलेल्या पडद्यांच्या गठ्ठ्यावर येऊन बसली. टाचण्यांची डबी उलटली. भिंतीला भोक पडलं, आणि त्या भोकातून आतली काळीभोर पोकळी मावशींकडे बघू लागली.

"काय पडलं गं?"

"मी!"

"लागलं का?"

"पडदे होते खाली."

"आणि दांडा?"

"तो माझ्या मांडीवर बसलाय."

शेजारीण हसली, पण मावशींना हसू आलं नाही. पडदे आपल्या खाली होते. ड्रायव्हरांच्या खाली काय असणार होतं? त्याच वेळी फोन वाजला.

"कसं चाललंय?" ड्रायव्हर.

"झकास," मावशी दांडा मांडीवर घेऊन म्हणाल्या.

"आवाज कसला गं तो?"

"शेजारीण हसतेय."

फोन ठेवल्यावर त्या जराशा तशाच बसून राहिल्या. पण जमिनीवर टाचण्या पडलेल्या असताना नुसतं बसणं मावशींच्या रक्तात नाही. टाचण्या गोळा करायला त्यांच्याकडे घोड्याच्या नालेएवढा दणकट चुंबक आहे, मनगटाला नाडीने बांधलेला. रोज दुकान आवरताना तो जमिनीवरून फिरवायचा हा नेम. तसाच त्यांनी आत्ताही फिरवला. शेवटच्या दोन टाचण्या भिंतीच्या कडेला होत्या. हात तिकडे गेला आणि चुंबकाने उडी मारली. टाचण्यांकडे नव्हे, भिंतीकडे. टक्! आणि बसला चिकटून.

मावशींनी ओढून काढला. सोडला. टक्! त्याच जागी. नाडी सोडून दिली, तर पठ्ठ्या भिंतीवर आपणहून लटकून राहिला. त्याच्या वर वीतभर अंतरावर पुन्हा टक्! त्याच्या वर पुन्हा. उभ्या रेषेत, एकाखाली एक.

"टाके!" मावशी ओरडल्या.

"काय?" पलीकडून.

"भिंतीला टाके घातलेत गं! बोर्ड वाशाला स्क्रूने शिवलाय, वरून रंग दिलाय, म्हणून दिसत नाहीत. जिथे टाके तिथे वासा!"

"मग खूण कर की! बोलतेस काय?"

मावशींनी टेप लावला. पुढची टाक्यांची रांग सोळा इंचांवर. त्याच्या पुढची पुन्हा सोळा इंचांवर, शर्टाची काजं मापात पडावीत तशी. आणि टिटवीच्या खुणा? एकही टाक्यावर नाही. कुठे पाच बोटं अलीकडे, कुठे पाच बोटं पलीकडे. मग टिटवी ओरडत होती ती कुणाला?

त्यांनी टिटवी पुन्हा भिंतीवर टेकवली, टाक्यांपासून लांब, पोकळ जागी, आणि सरकवायला लागल्या. टिटिव्! टाके तर अजून दूर होते. मावशी थबकल्या. नजर आपल्या हातांकडे गेली. उजव्या हातात टिटवी. आणि डावा हात? पंजा पसरून भिंतीवर, टिटवीच्या अगदी पुढ्यात. कापडावरच्या सुरकुत्या काढत डावा हात पुढे, कात्री मागे. जन्माची सवय. कापड नव्हतं, सुरकुत्या नव्हत्या, तरी डावा हात आपला इमानेइतबारे भिंतीला इस्त्री करत पुढे चालला होता.

मावशींनी हात काढला. टिटवी गप्प. हात ठेवला. टिटिव्!

"अगं बाई बाई बाई!" त्या एकट्याच बोळात नाचायला लागल्या. "हाडामांसाचा हात, भरीवच की! ही वासा शोधत नव्हती गं, मला शोधत होती! आणि मी स्वतःच्याच हातावर खुणा करत सुटले होते!"

"मिळालीस का मग तू?" शेजारणीने विचारलं.

डावा हात एप्रनच्या खिशात कोंबला गेला. तो बाहेर यायला तडफडत होता, पण मावशींनी त्याला तिथेच दामटला. टिटवी पोकळ जागेवरून निघाली, हळूहळू पुढे आली, आणि टाक्यांच्या जरा अलीकडे, टिटिव्! वाशाची एक कड. खूण. मग उलट्या बाजूने आणली. टिटिव्! दुसरी कड. दोन्हींच्या मधोमध टाके, आणि टाक्यांच्या मधोमध मावशींचा खडू. या वेळी ड्रिल सुखासुखी आत गेलं नाही. बोर्ड संपताच ते अडलं, कुरकुरलं, आणि त्याच्या दातांतून पिवळ्या लाकडाचा बारीक भुसा भुरभुरत खाली आला. मावशींनी तो चिमटीत धरून हुंगला. अत्तर असतं तर कानामागे लावला असता.

मग जो येईल त्याला लटकायला लावलं. आधी मावशी लटकल्या. "येऊन बघ!" म्हणताच शेजारीण आपला जिना उतरून, मावशींचा चढून, धापा टाकत आली आणि लटकली. संध्याकाळी लेक लटकली. जावईबापू लटकले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पाय उचला हो, लाजताय काय!" विजार न्यायला आलेलं एक गिऱ्हाईकही लटकून गेलं आणि जाताना विचारून गेलं, की हा कसला व्यायाम.

शनिवारी फिजिओबाई आल्या. मागोमाग काठी टेकत ड्रायव्हर. त्यांची बॅग मात्र अजून गाडीतच होती. बाईंनी मुद्दामच काढू दिली नव्हती. बाई होत्या काडीपहिलवान. त्यांनी दांडा धरला, ओढला, भार टाकला. दांड्याने हूं की चूं केलं नाही.

"ठीक वाटतोय," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वजनाने काय कळणार?" मावशी म्हणाल्या. त्या बाईंच्या शेजारी उभ्या राहून लटकल्या. लेक लटकली. शेजारणीला कुणी बोलावलंच नव्हतं, तीही लटकली. जावईबापूंना जागा उरली नव्हती, त्यांनी एका हाताने टोक पकडलं. अरुंद बोळात, एका दांड्याला, एका रांगेत सगळे.

दारात उभे असलेले ड्रायव्हर हे बघत होते. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"पुढे सरका!" त्यांनी आरोळी ठोकली. "पुढे सरका! पुढे जागा भरपूर आहे! धरून उभे राहा!"

सगळी बस हसत हसत बोळाच्या टोकाला सरकली. ड्रायव्हरांनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या मुठीत दांडा धरला, आणि निघाले. दांडा हलला नाही. अर्ध्या वाटेत पाय जरा लटपटला, मूठ आवळली गेली, बाईंचा हात पुढे झाला, पण ड्रायव्हर दांड्यावर तोलून उभेच राहिले. मग पुढचं पाऊल. न्हाणीघराच्या दाराला हात लावून त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"बॅग आणा हो आत," फिजिओबाई जावईबापूंना म्हणाल्या.

परतताना ड्रायव्हर मधेच थांबले. दांड्याखाली भिंतीवर बशीएवढं एक ठिगळ होतं. पडद्याच्याच कापडाचं, कडा दुमडून, नीट मापात चिकटवलेलं, आणि कडेने खडूने टाकेसुद्धा काढलेले.

"हे काय?"

"काही नाही. जरासं उसवलं होतं," मावशी म्हणाल्या. ओठांत पुन्हा टाचण्या आल्या होत्या.

"उसवलं होतं," ड्रायव्हरांनी ठिगळावरून अंगठा फिरवला, "की कुणी उसवलं होतं?"

मावशींनी टाचण्यांच्या आडून काहीतरी उत्तर दिलं. फिजिओबाईंना ते मुळीच कळलं नाही. ड्रायव्हर मात्र एवढे हसले, की त्यांना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला.